रविवारची दोन ताटं

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. पाच्छापुरे वैनी, तुम्ही माझ्याकडं बघू नका, नाहीतर मला बोलायला जमायचं नाही. तसंही मला बोलता येत नाही. माझी शाळा चौथीत सुटली. आतापर्यंत इथं जे बोलले, ते सगळे सरांनी शिकवलेले. मला सरांनी काही शिकवलं नाही. मी त्यांना जेवायला घातलं. बनशंकरीत माझी खानावळ आहे. पाच्छापुरे सर विद्यापीठातनं रिटायर झाले, पण माझ्या खानावळीतनं रिटायर झाले नाहीत.

तुम्ही सगळे माझ्याकडं जेवलाय. त्यामुळं मी जे बोलणार आहे, ते ऐकून घ्या.

सरांनी एक पद्धत घालून दिली होती. आठवतीय काय कुणाला? ज्याला नोकरी लागली, त्यानं महिन्यातनं एक रविवार माझ्याकडं यायचं. एकट्यानं जेवायचं नाही. शिकणाऱ्या एका पोराला नाहीतर पोरीला समोर बसवायचं, काय चाललंय ते विचारायचं, आणि पैसे दोन ताटांचे द्यायचे. वर जे जमेल ते माझ्या गल्ल्याशेजारच्या स्टीलच्या डब्यात टाकायचं. त्या डब्यातल्या पैशावर पोरं फील्डवर जायची, लांबच्या गावांत माणसांत राहून शिकायला. सरकारची स्कॉलरशिप येते, नाही असं नाही. पण पोरगं फील्ड करून, परत येऊन, दुसऱ्यांदा आजारी पडल्यावर येते. तोवर बसचं भाडं काय, खायचं काय? इंजिनिअरिंगच्या पोराला बँक दारात उभी राहून कर्ज देते. माणसं कशी जगतात हे शिकणाऱ्याला कोण देतंय?

मी एकदा सरांना विचारलं होतं, "सर, हे शिकून पोरांना मिळतंय काय?"

सर म्हणाले, "अक्का, तू कुणाच्या ताटात न मागता भात वाढतेस?"

म्हटलं, "ज्याचं तोंड भुकेलं दिसतं त्याच्या."

"तेच शिकतात. तुझ्यापेक्षा वेळ जास्त लागतो, एवढंच."

शिकलात तुम्ही. नोकऱ्याही लागल्या. चांगल्या लागल्या. आता कंपन्या तुम्हाला लोकांच्या घरी पाठवतात, बायका मोबाईलवर भाजी कशी मागवतात ते बघायला. निरंजन, हसू नकोस. माझ्याच खानावळीत बसून मला विचारलंस, "अक्का, गिऱ्हाइकाकडनं पैसे घेताना तुम्हाला नेमकी अडचण कुठं येते?" मी काय म्हटलं? "तुझ्याकडनं घेताना."

हळूहळू रविवार रिकामे झाले. सर मात्र यायचे. पांढरा शर्ट, हातात छत्री. समोर कुणीतरी शिकणारं पोर. पैसे दोन ताटांचे, पेन्शनीतनं. मी विचारायची, "सर, आज कोण येणार आहे काय?" सर दाराकडं बघायचे. "येतील की. ट्रॅफिक असेल." पुढच्या रविवारी विचारलं तरी तेच. ट्रॅफिक असेल. एवढा ट्रॅफिक या गावात, की कोरमंगल्यातनं बनशंकरीला यायला तुम्हाला वर्षं लागली. आज बरे सगळे वेळेवर पोचलात!

आता माझ्याआधी शिल्पाताई बोलल्या. सरांच्या नावानं स्कॉलरशिप काढायची. ट्रस्ट करायचा, रक्कम बँकेत ठेवायची, व्याजातनं एका हुशार विद्यार्थ्याला द्यायची. पहिली स्कॉलरशिप पुढच्या वर्षी. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, म्हणून तुम्ही माना हलवल्या. सरांचा कुठला फोटो लावायचा, यावर तुमच्या ग्रुपवर भांडण चाललंय म्हणे.

सरी, चांगलंय. काढा. पण स्वल्प मागं वळून बघा. शेवटच्या रांगेत निळी ओढणी घेतलेली पोरगी बसलीय. ती कावेरी. अथणीची. सरांच्या समोर शेवटचं ताट तिचं होतं. चामराजनगरच्या पुढं डोंगरात मध काढणारी माणसं आहेत, त्यांच्यात राहून ती शिकतेय. मध काढायचे दिवस आता सुरू होतायत. सोमवारी तिला निघायचंय. कड्यावरचं पोळं तुमच्या ट्रस्टसाठी थांबणार आहे काय? हे दिवस चुकले की तिचं वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की बाप म्हणतोय, झालं तेवढं शिक्षण बास, घरी ये. त्यानं स्थळ बघून ठेवलंय.

सर तिला म्हणाले होते, तू तयारी कर, डबा आहे. डब्यात शेवटी शेवटी सरच टाकत होते. सर गेले, डबा वाजायचा थांबला.

सकाळी कावेरी मला म्हणते, "अक्का, राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी तू कुणाच्यातरी घरी भाकऱ्या थापत असशील. आणि इथं तुझ्याजागी कुणालातरी सरांचा फोटो लावून चेक देत असतील."

म्हणून विचारते. मोठं काही मागत नाही. सोमवारच्या आधी एक रविवार येतो. त्या रविवारी तिच्यासमोर कोण बसणार आहे? हात वर करा.

मी थांबते.

निरंजन, फोन खाली ठेव. शिल्पाताई, छताकडं काय बघताय, तिथं काही लिहिलेलं नाही.

थांबते अजून.

सर, ऐकताय नव्हं? ट्रॅफिक असेल.

बरं. तो स्टीलचा डबा मी येताना घेऊन आलेय. दाराशी स्टुलावर ठेवलाय. या हॉलला दार एकच आहे.

आता उभे राहा. सरांसाठी दोन मिनिटं गप्प राहायचंय. त्याची तुम्हाला सवय आहे. डोळे मिटायचे त्यांनी मिटा.

कावेरी, तू मिटू नकोस. माणसं कशी वागतात ते बघायलाच तू शिकतेस नव्हं? मग जा, त्या डब्याशेजारी उभी राहा, आणि बघ.