वसुधाने न गाळलेली चार नावं

मंडळी, नमस्कार.

तुम्ही सगळे आलात. केंब्रिजहून आलात, हॅरोहून आलात, काहीजण कामावर सुट्टी टाकून आलात. या हॉलमध्ये आपण गणपतीला जमतो, दिवाळीला जमतो, आणि दर वेळी खुर्च्या लावायचं काम माझ्याकडे असतं. आज सकाळीही मी येऊन खुर्च्या लावायला लागलो. केतकीने, माझ्या मुलीने, हात धरून मला खाली बसवलं. म्हणाली, "बाबा, आज तुम्ही नाही करायचं हे." मग मी बसलो.

मला बोलणं जड जाईल असं सगळ्यांना वाटतंय. खरं सांगू? जड जात नाहीये. वसुधाला जाऊन अकरा दिवस झाले आणि मी अजून रडलेलो नाही. डेंटिस्टने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसा मी सगळाच्या सगळा मला माझा वाटत नाही. चहा पितो, फोन घेतो, फॉर्म भरतो. मृत्यूची नोंद करायला गेलो तेव्हा त्या बाईंनी विचारलं, "यांचा व्यवसाय काय होता?" मी म्हटलं, लायब्ररी असिस्टंट, रिटायर्ड. त्यांनी लिहिलं. घरी येताना बसमध्ये वाटलं, चुकीचं सांगितलं आपण. पण उतरून परत गेलो नाही.

म्हणून आज तुम्हाला सांगतो तिचा व्यवसाय काय होता. बावीस वर्षं वसुधा एका सुलतानाचं चरित्र लिहीत होती.

तुमच्यापैकी पुष्कळांना हे थोडंफार माहीत आहे. थट्टाही झाली आहे. "अरविंदराव, सुलतान काय म्हणतोय?" असं मला याच हॉलमध्ये विचारलं गेलंय. मीही हसायचो. मी आयुष्यभर रेल्वेचं सिग्नलिंग केलं. मला इतिहासातलं काही कळत नव्हतं, आणि मी कळून घेतलंही नव्हतं.

वसुधा पुण्याची. तिचे वडील जुन्या दफ्तरात मोडी वाचायचे, त्यांच्याकडून ती मोडी शिकली. लग्न होऊन इथे आली. पुढे केंब्रिजच्या एका लायब्ररीत नोकरी लागली, खोकी उचलायची आणि लेबलं लावायची. वॉटफर्डहून यूस्टन, तिथून चालत किंग्ज क्रॉस, तिथून केंब्रिज. आठवड्यातून तीन दिवस. एकदा घरी आली ती कोट न काढताच बोलायला लागली. "अहो, आज एक पत्र बघितलं. भाषा मलय, लिपी अरबी वळणाची, मला अक्षर वाचता येत नाही. पण वरती शिक्का आहे, आणि सोबतच्या इंग्रजी टिपणात म्हटलंय, अर्धं पान नुसता मायना आहे! आपल्या पत्रांत असतो तसाच मायना!"

त्या पत्रासाठी ती मलय शिकली. ती लिपी शिकली, तिला जावी म्हणतात. एक दिवस स्वयंपाकघरात हसत सुटली. म्हणाली, "अहो, त्यांच्यात राजाला राजाच म्हणतात आणि बायकोला इस्त्री. म्हणजे मी तुमची इस्त्री!" मी तेव्हा शर्टाला इस्त्रीच करत होतो. आम्ही दोघं इतके हसलो की शर्ट जळला.

हे सांगताना मला आत्ता काही वाटायला हवं होतं. असो.

तर तो सुलतान. त्याचं नाव मी घेत नाही, कारण मी उच्चार चुकवतो आणि ती दर वेळी दुरुस्त करायची. आमच्या घरात तो नुसता सुलतान. मलायाच्या किनाऱ्यावर, एका नदीच्या काठाने पसरलेलं लहानसं राज्य. आता ते एखाद्या जिल्ह्यात जिरून गेलंय. बाविसाव्या वर्षी तो गादीवर बसला. चुलताही गादी मागत होता. चुलत्याला दूर ठेवायला त्याने इंग्रजांची मदत घेतली आणि एका कागदावर शिक्का उठवला. त्या कागदाच्या दोन प्रती होत्या. मलय प्रतीत लिहिलं होतं, साहेबाशी, म्हणजे तिथे नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याशी, बोलून कारभार करावा. इंग्रजी प्रतीत लिहिलं होतं, साहेबाचं ऐकावं. त्याने आपली प्रत वाचली. साहेबाने आपली वाचली.

सात वर्षं राज्य केलं त्याने. वाईट केलं नाही. पूर आला की स्वतः होडीतून गावं बघत फिरायचा. भातशेतीसाठी पाट काढला, तो पाट अजून वाहतो म्हणतात. पण हळूहळू सगळं साहेबाच्या हातात गेलं. नदीच्या मुखाशी साहेबाने जकातीचं ठाणं बांधलं. आणि एका पहाटे चार सरदारांनी ते ठाणं जाळलं.

इंग्रज सैन्य आलं. चौघं पकडले गेले. दोघांना फाशी झाली, दोघं तुरुंगात गेले आणि तिथेच मेले. सुलतानाला गलबतात बसवून दूरच्या बेटावर पाठवलं. अकरा वर्षं तो तिथे राहिला. घरी जाऊ द्या, आईच्या कबरीशेजारी मला जागा आहे, असं लिहीत राहिला. नाही म्हणत राहिले. तो त्या बेटावरच वारला.

वसुधाचं पुस्तक याच माणसाचं होतं. फसवलेला, एकटा पडलेला, भला राजा. बेटावरून त्याने लिहिलेली पत्रं ती मला जेवताना वाचून दाखवायची. चष्मा पाठवा, मुलीचा दात दुखतो, आचारी आजारी आहे, आमच्या नदीकडचा तांदूळ मिळेल का. तिचा फार जीव होता त्याच्यावर. कधी कधी मला राग यायचा. माझा दात दुखला तर तिच्या लक्षात राहायचं नाही.

या कामात तिला एक मैत्रीण मिळाली. अमिनाबाई. तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, निळा रुमाल डोक्यावर. त्या रिटायर्ड शिक्षिका, त्याच नदीकाठच्या. दर वर्षी लेकीकडे मिल्टन कीन्सला येतात. फाशी गेलेल्या दोघांपैकी एक जण अमिनाबाईंचे पणजोबा. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले की सुलतानाने पणजोबांना वाचवायचा प्रयत्न केला. घरातली सगळी दर वर्षी जमतात तेव्हा पणजोबांसाठी प्रार्थना होते आणि मग सुलतानासाठीही होते. जुने शब्द अडले की वसुधा अमिनाबाईंना फोन करायची. दहा वर्षं रोज नाही तरी दिवसाआड.

गेल्या वर्षी, पुस्तक संपत आलेलं असताना, वसुधाला एक कागद सापडला. नोंद न झालेल्या खोक्यात, दुसऱ्याच गठ्ठ्यात. सुलतानाचा जबाब. ठाणं कुणी जाळलं हे साहेबाने विचारलं होतं, आणि सुलतानाने सांगितलं होतं. चार नावं. खाली शिक्का. साहेबाला तोपर्यंत एकही नाव माहीत नव्हतं.

त्या दिवशी ती घरी आली आणि कोट घालूनच जिन्याच्या पायरीवर बसली. मला वाटलं, पोटात दुखतंय. तेव्हा पोट दुखायला लागलं होतं, आम्हाला काय ते अजून माहीत नव्हतं. ती म्हणाली, "अहो, त्यानेच दिली ती माणसं."

मार्चमध्ये निदान झालं. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले. शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं होतं, आणि तिच्या हातात पेन राहत नव्हतं. मग ती सांगायची आणि मी टाइप करायचो. मराठीत सांगायची, मध्येच इंग्रजीत. असं मी तिचं पुस्तक पहिल्यांदा वाचलं, शेवटाकडून.

मित्रहो, आता एक कबुली. मी तिला तो कागद गाळायला सांगितला. म्हटलं, "वसुधा, कोण बघणार आहे? त्या खोक्यात परत कुणी हात घालणार नाही. तुला आता शांत राहायचंय. अमिनाबाईंना कशाला दुखवतेस?"

ती म्हणाली, "हे एक पान गाळलं तर बाकीच्या चारशे पानांवर मी कुठल्या तोंडाने नाव घालू?"

मी म्हटलं, मग मी त्यांना ईमेल लिहितो. तर म्हणाली, "ईमेल नाही. समोर बसून सांगायचं."

अमिनाबाई आल्या. दुपारची वेळ होती. वसुधाला उभं राहवत नव्हतं, तरी उपमा तिनेच केला, स्टुलावर बसून. खाण्याआधीच कागदाची प्रत टेबलावर ठेवली. दोघी मलयमध्ये बोलत होत्या, मला शब्द कळत नव्हते. पण अमिनाबाईंनी तो कागद मोठ्याने वाचायला घेतला आणि तिसऱ्या नावाशी थांबल्या, ते मला कळलं.

मग त्या इंग्रजीत बोलल्या, बहुधा मलाही कळावं म्हणून. "तेव्हा त्याचं वय काय होतं?"

वसुधा म्हणाली, "एकोणतीस."

"नंतर बेटावरून इतकी पत्रं लिहिली. कुठे या चौघांचा उल्लेख?"

मला वाटलं, वसुधा काहीतरी मऊ बोलेल. ती स्वतः मरणाच्या दारात आहे, समोर मैत्रीण आहे. वसुधा म्हणाली, "नाही. सगळी पत्रं दोनदा वाचली. एकदाही नाही."

अमिनाबाई उठल्या. म्हणाल्या, "आमच्या घरच्या लहान मुलांनासुद्धा त्याच्यासाठी दुआ मागायला शिकवलंय." आणि उपमा तसाच ठेवून गेल्या.

तीन आठवडे फोन नाही. वसुधा रोज विचारायची, "कुणाचा मेसेज?" मी नाही म्हणायचो. एकदा म्हणाली, "माझी मैत्रीण गेली, अहो." एवढंच. पण प्रकरण बदललं नाही. आणि आणखी एक सांगतो, सुलतानाला तिने शिव्याही घातल्या नाहीत. पुराच्या होड्या तशाच ठेवल्या, पाट ठेवला, मुलीचा दात ठेवला. त्याच्या मागे जबाब घातला. मी विचारलं, "मग हा माणूस चांगला की वाईट?" ती म्हणाली, "घाबरलेला. लिहा पुढे."

चौथ्या आठवड्यात वसुधाला हॉस्पिसमध्ये हलवलं. तिथे अमिनाबाई आल्या. मी दारात उभा होतो, माझ्याशी बोलल्या नाहीत. सरळ पलंगाशी गेल्या आणि पर्समधून वहीचं पान काढलं. त्या जबाबात त्यांच्या पणजोबांचं नाव नुसतं 'मामत' असं लिहिलं होतं, घरगड्याला हाक मारावी तसं. अमिनाबाईंनी पूर्ण नाव लिहून आणलं होतं. मुहम्मद बिन इद्रिस. ते तीन आठवडे त्या गावाकडे फोन करत होत्या. उरलेल्या तिघांची वडिलांसकट नावं, गावं, कुणाचे वंशज कुठे आहेत, सगळं त्या पानावर होतं.

म्हणाल्या, "छापणारच असशील तर नीट छाप."

वसुधा रडली. मी तिला बावीस वर्षांत त्या कामापायी रडताना पाहिलं नव्हतं. मग दोघींनी मला कामाला लावलं. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी एकेक नाव टाइप केलं आणि दोघी स्पेलिंग तपासत राहिल्या. नर्स दोनदा आली, दोन्ही वेळा आम्ही तिला थोड्या वेळाने यायला सांगितलं.

अमिनाबाई, मी तुमचे आभार मानलेले नाहीत. आज मानतो. तुमच्या घरच्या प्रार्थनेत आता सुलतान असतो की नाही, हे मी विचारणार नाही. तो तुमचा प्रश्न आहे.

शेवटचा दिवस सांगतो आणि बसतो. मंगळवार होता. केतकी खाली कॉफी आणायला गेली होती. वसुधाचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपली आहे. तेवढ्यात तिने विचारलं, "अहो, पानांना नंबर घातलेत का?"

मी म्हटलं, "हो, घातले."

घातले नव्हते. मला कसे घालायचे ते येतच नव्हतं.

त्यानंतर ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केतकीकडून शिकून घेतलं. पहिल्या पानापासून शेवटापर्यंत नंबर घातले, मग एकेक पान खाली सरकवत तपासले. चारशे बारा भरली. सगळ्या आयुष्यात तिने मला एवढं सांभाळून घेतलं, आणि शेवटी मी तिच्याशी खोटं बोललो. ते तुमच्यासमोर सांगायचं होतं. सांगितलं.

आता कृपा करून उभे राहा. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी बसूनच राहावं, तिला ते चाललं असतं. दोन मिनिटं कुणी काही बोलू नये.

वसुधा, नंबर घातले गं.