जावई उभा असताना

रेणूची सर्जरीची पोस्टिंग लागून चौथाच दिवस होता. दहाच्या राउंडसाठी केसपेपर हातात घेऊन ती वॉर्डाच्या दारापाशी उभी होती. बाहेर बाकड्यावर दोन बाया बोलत बसल्या होत्या.

"पुष्पाबाईच्या पोटाचं ऑपरेशन होऊन तीन दिस झाले ना? मंग पेज सुरू केली का तिला?"

"आज करणार म्हणं. सकाळी एक शिकाऊ डॉक्टरीण आल्ती. वारा सरला का म्हून इचारलं तिनं."

"मंग?"

"पुष्पाबाईनं हो म्हून मान हलवली."

"बरं झालं. आतडं चालू झालं म्हणायचं."

"कशाचं चालू झालं? पोट बिलकुल फुगून राह्यलंय तिचं."

"मंग मान कामून हलवली?"

"उशाला जावई उभा होता. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत न्हाई ती, अन् हे सांगंल का? मान हलवली की पोरगी जल्दी जाईल, एवढंच तिच्या मनात."

"त्या पोरीला कळू नये व्हय?"

"ती कागदात पाहून इचारत होती."

रेणूनं केसपेपरावरची आपली सकाळची ओळ खोडली आणि ती आत गेली. जावई पेजेचा डबा उघडत होता.

"दादा, डबा राहू द्या. तुम्ही जरा बाहेर थांबा."

तिनं पडदा ओढला आणि पुष्पाबाईंच्या पोटावर हळूच हात ठेवला.

"मावशी, आता सांगा."

"गेले का जावईबापू?"

"गेले."

"मंग न्हाई सरला, बाई."