परग्रहावरचे दोन 'आमरा'

तुम्ही हसाल, पण मुलीच्या शाळेतून बाईंनी बोलावलं की मी अजून घाबरतो. परवा ऑफिस टाकून तिच्या बेहाल्यातल्या शाळेत धावलो.

बँकेच्या बदलीने कोलकात्यात आलो तेव्हा आमची इरा दोन वर्षांची होती. आता दहाची आहे आणि आजीला फोनवर 'मी आला' म्हणते. हिचं मराठी गेलंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

बाई बंगालीतून म्हणाल्या, "इराने गोष्टीत परग्रहावरच्या लोकांची भाषा रचली आहे. बंगालीत 'आम्ही'ला एकच शब्द, 'आमरा'. यांचे दोन! एकात ऐकणारा धरलेला, दुसऱ्यात वगळलेला. माणसाला असलं सुचत नाही हो! हिने आणलं कुठून?"

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "बाई, आमच्या घरी सगळे असंच बोलतात."

बाहेर येऊन इराला विचारलं, "म्हणजे 'आपण' आणि 'आम्ही'मधला फरक कळतो तुला?"

समोरच्या पाणीपुरीवाल्याकडे बोट दाखवत ती म्हणाली, "कळते ना. फुचका आपण खाऊ. आईला सांगू, आम्ही नाही खाल्ला."