‘तिला बोलू द्या’ची नायिका

सतरा नोव्हेंबर, सकाळपासून मळभ, पाऊस मात्र नाही... आणि तुम्हाला सांगते, आभाळापेक्षा माझंच तोंड जास्त उतरलेलं! आता का म्हणून काय विचारता? हौशी नाटकांची स्पर्धा, आमच्या ऑफिसचं नाटक, नाव ‘तिला बोलू द्या’. ती कोण? मी! मुख्य भूमिका माझीच हं! फक्त दीड तासात ती रंगमंचावर येतच नाही!

चार पुरुष सोफ्यावर बसून तिच्या दुःखावर बोलतात, तिच्या मुक्तीवरून हमरीतुमरीवर येतात, आणि घसा सुकला की ओरडतात, ‘अगं, पाणी आण!’ मी विंगेतून म्हणायचं, ‘आले!’ झालं. तीनदा ‘आले’. बरं, पाणी कोण आणतं? कुणीच नाही, तेही प्रतीकात्मक!

दिग्दर्शक म्हणजे आमचे हेडक्लार्क. म्हणतात कसे, “मॅडम, तुम्ही दिसत नाही म्हणूनच तर जास्त दिसता! त्या ‘आले’मध्ये हजारो वर्षांची वेदना पाहिजे!” ओतली हो मी वेदना, अगदी पोटातून! तर म्हणे, “हा खोकला झाला.”

अहो, आजवर मी मोलकरीण झाले, शेजारीण झाले, एकदा तर भिंतीवरचा फोटो झाले... पण फोटोसुद्धा दिसतो हो! लेखकाला म्हटलं, “शेवटी एकदाच येऊ द्या, एकच वाक्य बोलते.” तो बिचारा हळवा, त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. “ताई, ती समोर आली तर तिच्याबद्दल बोलायचं कसं? बरं दिसतं का ते?”

घरी सासूबाई खूश. “पहिली रांग मिळाली गं! पण तुला बघायचं कुठे?” म्हटलं, “उजव्या पडद्याकडे बघा, त्याच्यामागे असते मी.” नवरा म्हणाला, “मग पडदा हलला की टाळ्या वाजवतो.” मुख्य भूमिका माझीच हं!

प्रयोग सुरू झाला, तिसऱ्या ‘पाणी आण’ला मात्र माझं डोकं फिरलं. ‘आले’ म्हटलं... आणि आले की! सरळ रंगमंचावर! तिघांची बोबडी वळली, चौथ्याने सवयीने पेल्यासाठी हात पुढे केला. मी तोंड उघडणार तोच दिग्दर्शकांनी खूण केली आणि फट्... दिवे बंद! मिट्ट काळोख! म्हटलं, आता कुणाला भ्यायचं? सुटलेच मी! “माझ्या दुःखावर बोलताय ना? मग सरका जरा, मलाही टेकू द्या! दीड तास उभी आहे मी आत, आणि पाय दुखतात का, हे चौघांपैकी एकानं तरी विचारलं?” असं बोलले, असं बोलले... पहिल्या रांगेतून सासूबाई ओरडल्या, “हीच! हीच आमची सून!” टाळ्या काही थांबेनात. दिवे लागले तेव्हा पडदा पडलेला.

निकाल संध्याकाळी लागला. उत्कृष्ट अभिनय, स्त्री: आमच्या नाटकाचा विचार झाला नाही, पात्र दिसले नाही. उत्कृष्ट पार्श्वध्वनी, प्रथम क्रमांक: मी.