मुकं क्लॅरिनेट

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे सत्तरीच्या एक बाई होत्या, सोबत त्यांचा बँडमास्तर मुलगा.

"अहो, मी यात बँडसाठी चाल लिहिते. लिहिलेलं हे वाजवून दाखवतं. सगळी वाद्यं वाजतात, क्लॅरिनेट तेवढं मुकं. आणि तेच मी वाजवते."

"आई, लॅपटॉपमधला प्रोग्रॅम जुना झालाय. शनिवारी बँड वाजवताना क्लॅरिनेट नसलं तरी चालेल."

"तू गप्प बस. त्यांना बघू दे."

"बिघाड काहीच नाही, मावशी. क्लॅरिनेटपुढचं म्यूटचं बटण कुणीतरी दाबून ठेवलंय."

"मी त्या बटणांना हात लावत नाही. बँडला चाल ऐकवायला तूच हे उघडतोस ना रे?"

"घरी बोलू, आई."

"इथंच बोल."

"तुझी बोटं थरथरतात गं आता. म्हणून तुझ्याशिवाय ऐकवून बघितलं. कुणाला काही कमी वाटलं नाही."

"चाल लिहिली कुणी?"

"तू."

"मग कमी काय नि जास्त काय, ते मी ठरवणार. अहो, काढा ते बटण. आणि आवाज पूर्ण सोडा."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत! बोटं थरथरली तर सूर थरथरेल, आणखी काय होणार आहे? शनिवारी तू हात उचललास की मी सुरू करणार. आणि नीट ऐकून ठेव, मधेच हात खाली घेतलास तरी मी थांबणार नाही."