मामंजींचा खोकला

नाही नाही, पाद्रीबाबा, बसा ना, त्या ओट्यावरच बसा, बायामाणसांचं चटईवर भागतं — आणि हा कोट काही मी उतरवायची नाही, थोरल्या भावजींना तसंच सांगा. त्यांनीच धाडलंय ना तुम्हाला? वाटलंच. स्वतः स्वयंपाकघराच्या दारात यायचं धाडस नाही, म्हणून गळ्यात पांढरी पट्टी असलेला माणूस पुढं केला. तुमचं तरी काय चुकलं, तुम्ही शहरातले — म्हाताऱ्याला शवागारातून घरी आणतायत, आणि सून त्याचाच कोट, त्याचीच टोपी घालून अंगणात त्याची नक्कल करणार, हे तुम्हाला कसंतरीच वाटणार. पण आमच्या या गुटू भागात सुनेनं एवढं केलं नाही ना, तर लोक म्हणतात, म्हातारा घरात कुणाला नकोच होता वाटतं. मुलांनी रडायचं, सुनेनं हसवायचं, कामं वाटून दिलेली आहेत. भावजींचे हरारेचे साहेब आलेत म्हणे, त्यांच्यापुढं लाज वाटते. वाटू दे की. बाप काय साहेबांचा होता?

चहा घ्या, गार होतोय. आणि टर उडवते म्हणाल, तर खुद्द मामंजींना विचारून उडवते. मागच्या थंडीत मला म्हणाले, सूनबाई, माझ्यामागं हा कोट धुऊ नकोस, तपकिरीचा वास गेला तर लोकांना मी ओळखू कसा येणार? मग माझ्याकडून चालून घेतलं, इथंच, मक्याच्या कणगीपासून फाटकापर्यंत. आणि वर चुका काढल्या — मी डावा पाय ओढतो, उजवा नाही, मेल्यावर तरी मला नीट लंगडू दे. असं माणूस. ऐन ऑक्टोबरच्या उन्हात हा कोट, का तर खिशात नातवंडांसाठी भाजलेले शेंगदाणे, आणि खिसा कोटालाच असतो. रेडिओवर बातम्या देणाऱ्याशी रोज भांडण. तो बिचारा नमस्कार म्हणाला की हे म्हणणार, आधी खरं काय ते सांग, नमस्कार मग घेतो.

आणि खोकला. तो तर करायलाच हवा, त्याच्याशिवाय म्हातारा पुरा व्हायचाच नाही. तुम्हाला माहीत नाही? अख्ख्या पंचक्रोशीला माहीत आहे. शेळ्यांच्या गोठ्यापाशी आले की सुरू, थेट दारापर्यंत. पोरं तर त्याच्यावरच वाढली — आमचा आनेसू साखरेच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेला असायचा, खोकला ऐकला की डबा बंद, तोंड पुसलेलं, हातात पुस्तक, तेही उलटं. आजोबा आत येऊन म्हणायचे, काय शिकतंय पोर! आणि दाणे द्यायचे. चोरी पकडायला येणारा आधी वर्दी देऊन येतो कधी?

सासूबाईंनी काढे केले, उपयोग नाही. मग भावजींनी शहरात नेऊन छातीचा फोटो काढला. स्वच्छ. डॉक्टरनं विचारलं, बाबा, खोकला येतो कधी? म्हणे, घराजवळ आलं की. रानात? नाही. बाजारात? नाही. चर्चमध्ये? तिथं झोप येते. झालं, भावजींनी ठरवलं, शेळ्यांच्या केसांचा त्रास आहे, गोठा हलवा. दोन्ही भाऊ सुट्टी काढून आले, कुंपण उपटलं, गोठा घराच्या पार मागच्या अंगाला नेला. मामंजी झाडाखाली बसून त्यांना खांब कुठं रोवायचे ते सांगत होते. संध्याकाळी फाटकातून आले, तिथं आता एकही शेळी नाही — आणि खोकले. मुलांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. आज अंगणात हेच करून दाखवणार आहे मी, भावजी कुंपण उपटताना कसे धापा टाकत होते त्याच्यासकट. म्हणून तर तुम्हाला धाडलंय.

कसला आजार? आजार नव्हताच हो. ते — आता तुम्हाला काय सांगायचं — मी या घरात आले ना, तेव्हा बरीच वर्षं मूल नव्हतं. वन्सं यायच्या, जाताना एखादं वाक्य टाकून जायच्या, आणि मी या चुलीपाशी बसून रडायची. आता सासऱ्यानं सुनेला का रडतेस म्हणून विचारायची आमच्यात पद्धत नाही. जवळसुद्धा बसायची नाही. एकदा रानातून आले ते सरळ दारात, मला तशी बघितली, आणि पाठ फिरवून गेले. दुसऱ्या दिवसापासून खोकला. मला डोळे पुसायला पुरेल एवढा, लांबून. मलाही आधी वाटलं, म्हाताऱ्याला कफ झाला, मीच की आल्याचं पाणी करून द्यायची, आणि ते प्यायचे.

आणि त्याच आठवड्यात एक पिल्लू आणलं. नाव काय ठेवलं, तर तुला-काय-त्याचं. आमच्याकडं जे तोंडावर बोलता येत नाही, ते कुत्र्याच्या नावात घालतात. वन्सं आल्या की मामंजी अंगणात उभे राहून हाका मारायचे, तुला-काय-त्याचं, अरे, तुला-काय-त्याचं! कुत्रं पायाशीच बसलेलं. वन्संनी काय ते ओळखलं. तेच हे, दारात पडलंय ते. म्हातारं झालं आता, कान तेवढे शाबूत आहेत. हे मी कुणाला बोलले नव्हते, पाद्रीबाबा. यांनासुद्धा नाही. तुम्हीही बोलू नका. बाहेर मी फक्त गोठ्याची गंमत सांगणार, लोक पोट धरून हसतील, बस.

खोकला कसा म्हणता? असा. आधी घशातल्या घशात, मग जरा थांबून दोनदा — अहं. अहं, अहं.

अगं बाई.

बघा ना त्याच्याकडं. उठलं. कालपासून अन्नाला शिवलं नाही ते. फाटकाकडं बघतंय. शेपूट हलवतंय हो.

काही नाही. धूर आहे. कुणी ओली लाकडं घातलीत चुलीत कोण जाणे. तुम्ही जरा बाहेर जा, पाद्रीबाबा, चहाही घेऊन जा. भावजींना सांगा, कोट अंगावरच राहील, गाडी आली की मी आलेच. आणि मधे परत यायचं झालं, तर आधी खोकून या.