कांचीची ओळख कोण देणार?

(मालाडच्या एका प्रसूतिगृहात आया असलेल्या मनमाया तामांग यांनी सांगितलं, तसं लिहून घेतलं.)

तुमच्या घरी बाळ आलं तेव्हा त्याला पायावर घेऊन जिने न्हाऊ घातलं, तिचं नाव सांगता येईल तुम्हाला? खरं नाव हं, बाई नाही, मावशी नाही. आठवा, मी थांबते. नाही ना येत. मलाही सगळे कांचीच म्हणतात. आमच्या नेपाळात घरातल्या धाकट्या मुलीला कांची म्हणतात, इथे आल्यावर कळलं की मुंबईत नेपाळची प्रत्येक बाई कांची. माझं नाव मनमाया.

गाव आमचं डोंगरात, काय सांगू तुम्हाला, घरापासून रस्ता लागायलाच दिवस जायचा. लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर निघाले ती थेट मढला, तिथे शूटिंगला भाड्याने देतात तसल्या एका बंगल्यावर तो राखणदार होता. बंगल्यात रोज कोणाचं तरी खोटं लग्न लागायचं, मागच्या खोलीत आमचा खरा संसार. मग त्याला कावीळ झाली आणि तो गेला, बंगलेवाल्याला नवा माणूस हवा होता, मी मालाडला एका चाळीत खोली घेतली. काम काय येतं, तर मालिश. सासूने शिकवलेलं. सुरुवातीला मोहरीचं तेल घेऊन जायची, तर बाळंतिणी नाक दाबायच्या, शी, कांची, हे काय गं. मग खोबरेल घेतलं. बाज, शेगडी, ओव्याची धुरी सगळं शिकले, आणि मराठीही बाळंतिणींकडूनच शिकले, म्हणून माझ्या मराठीत लाड जास्त आहेत.

कुठे होते मी? हां, बँकेच्या खात्याची गोष्ट सांगायची होती. प्रसूतिगृहात मी रोजावर जायची. एक दिवस डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कांची, तुला कायम करतेय, पण आता सगळ्यांचा पगार बँकेतच जमा होणार, महिना संपायच्या आत खातं उघड, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल. मी खूश. मला वाटलं खातं उघडणं म्हणजे दुकानातून साबण आणण्यासारखं.

गेले बँकेत. खिडकीतला साहेब म्हणाला, रेशनकार्ड? म्हटलं, नाही, मी नेपाळची. मग पासपोर्ट? म्हटलं, आम्हाला पासपोर्ट लागत नाही, आम्ही असंच येतो. तो हसला आणि शेजारच्याला म्हणाला, बघ रे, रेशनकार्ड नाही म्हणजे ही इथली नाही, आणि पासपोर्ट नाही म्हणजे ही परदेशीपण नाही, मग आहे कुठली? शेजारचाही हसला. मला आजवर खूप नावं ठेवली लोकांनी, पण परदेशी कोणी म्हटलं नव्हतं, आणि परदेशी नाही असंही कोणी म्हटलं नव्हतं. शेवटी म्हणाला, दवाखान्याचं पत्र आण आणि ओळख द्यायला माणूस आण, आमच्याच शाखेत खातं असलेला, त्याने फॉर्मवर सही करायची की मी या बाईला ओळखतो.

डॉक्टरीणबाईंनी पत्र दिलं, पण त्यांचं खातं दादरला. म्हटलं काही हरकत नाही, मला किती घरं ओळखतात! सामंतांकडे तेव्हा मी रोज जायची, त्यांचा नातू महिन्याचाही नव्हता. सामंतकाकांचं खातं त्याच बँकेत. न्हाणीघरात मी पाटावर पाय पसरून बसले होते, बाळ पायावर, तेलाने निसरडं, आणि बाळाच्या आईला, वहिनींना म्हटलं, काकांना विचारा ना. काका पेपर घेऊन दारापर्यंत आले. म्हणाले, कांची, तुझ्यावर विश्वास नाही असं नाही गं, पण सही म्हणजे सही असते, उद्या काही झालं तर?

काय सांगू तुम्हाला, मी बाळाच्या डोक्यावर पाणी घालत होते. डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर हात आडवा धरला होता. त्या पोराबद्दल उद्या काही झालं तर असं त्या घरात एकदाही कोणी म्हटलं नाही. पोर माझ्या हातात बिनघोर, सही मात्र कपाटात. बाळ पुसलं, धुरी दिली, गुंडाळून आईजवळ ठेवलं. अजून तीन दारं फिरले. एकीचे मालक गावाला, एकीचा चष्मा सापडेना, एकीने दारच उघडलं नाही, आतून रेडिओ चालू होता.

महिना संपत आला. प्रसूतिगृहाच्या फाटकापाशी चंद्राबाय मासळी घेऊन बसायची, मढची कोळीण. मी पायरीवर बसले होते, ती म्हणाली, काय गो कांचे, त्वांड का उतरलंय? सांगितलं. म्हणाली, माझा खाता त्याच बँकेत हाय, ऊठ. पाटी शेजारणीकडे दिली, पदराला हात पुसले आणि मला ओढतच नेलं.

खिडकीतल्या साहेबाने नाकाला रुमाल लावला. चंद्राबाय म्हणाली, पैसे भरताना वास येत नाय काय रे तुला? मग त्याने फॉर्म पुढे केला आणि विचारलं, हिला ओळखता ना, मग नाव काय हिचं? झालं. ती माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाली, बाय, तुझा नाव काय गो? रांगेतले सगळे हसले. साहेब म्हणाला, नाव माहीत नाही आणि ओळख देता? तर ही म्हणते, नाव नाय वलखत, हिला वलखते, माझी दोन नातवंडा हिच्या हातून न्हालीत, लिव आता. आवाज केवढा तिचा! मॅनेजर बाहेर आले, पत्र वाचलं, तिच्याकडे बघितलं, म्हणाले, घ्या सही. एकेक अक्षर दाबून तिने नाव लिहिलं, सगळी रांग थांबली, फॉर्मवर माशाचा एक खवला चिकटून राहिला.

खातं उघडलं, नोकरी टिकली. आता गुडघे गेले माझे, पाटावर बसले तर उठवायला माणूस लागतं. गेल्या महिन्यात एक नवी पोरगी आली, आमच्याच मुलखाकडची, हातात तोच फॉर्म. खरं सांगते, माझ्या तोंडात काय आलं माहीत आहे? उद्या काही झालं तर? सामंतकाकांचं वाक्य, जसंच्या तसं. ते वाईट नव्हते हो, घाबरले होते. भीती मलाही वाटली. पण चंद्राबायला काय भीती नसेल, तिचेही पैसे त्याच बँकेत होते की. मी पोरीला विचारलं, बाय, तुझं नाव काय? आणि सही केली.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमचं कुठेतरी खातं असेल. मग एवढं करा. तुमच्या घरी जी बाई बाळाला न्हाऊ घालते तिला उद्या सकाळी तिचं नाव विचारा. आणि ती फॉर्म घेऊन आली तर तिला दारात उभी ठेवू नका. आत बोलवा, पेन घ्या, सही करा.